आधी खिसे, मग साबण

"आधी खिसे, मग साबण." कपडा कुणाचाही असो, वहिनी हे म्हणायच्याच. खिसा उलटा करून त्याच्या कोपऱ्यात नख फिरवायच्या, आणि मगच पाण्याला हात लावायच्या.

ओटागोतलं आमचं हे गाव पर्यटकांसाठी उभारलेलं आहे. सोन्यासाठी इथे माणसं लोटली, त्या काळाचं सोंग. लाकडी दुकानं, पत्र्याची खानावळ, सगळं आहे. मी तिकीटखिडकीत बसते आणि दुकानही सांभाळते. वहिनी मागच्या खोलीत मशीनपाशी असायच्या, जुन्या काळाचे खेळ करून दाखवणाऱ्या मंडळींचे झगे नि सदरे धुवायला. नात्यातल्या नव्हेत, मी आपली वहिनी म्हणायचे. मिरजेत सासरची लाँड्री वीस वर्षं चालवलेली बाई. नवरा इथल्या वृद्धाश्रमात नर्स, त्याच्या व्हिसावर आलेल्या.

चौकात रोज अकराला धोबिणीचा खेळ होतो. एक कॉलेजची मुलगी लाकडी टबात सदरा बुचकळते आणि लोक फोटो काढतात. वहिनी दारातून बघायच्या.

"सदरा पिळतीय का लिंबू?"

तिथे जुने फोटो लावलेली एक पाटी आहे. ती त्यांनी एकदा मला वाचून दाखवायला लावली. बाप्ये चिखलात खणत, बायका त्यांचे कपडे धुऊन पोरं वाढवत, कुणी खानावळ काढे, वगैरे वगैरे. दाढीवाल्यांच्या प्रत्येक फोटोखाली नाव होतं. टबावर वाकलेल्या बाईखाली काही नव्हतं.

"हिचं नाव काय ओ?"

"नोंद नाही म्हणे."

"प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्यावर खूण घातली असेल की हिनं. आणि हिची कुणी ठेवली न्हाई."

तेव्हापासून त्यांनी मनावरच घेतलं. चौकात टबापाशी आपण उभं राहायचं आणि त्या बाईचं काम नीट करून दाखवायचं. "किया ओरा" या इथल्या नमस्कारापासून शेवटपर्यंतचं इंग्रजी त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं. मग मी मॅनेजरबाईंना विचारलं. बाई गोड बोलतात. म्हणाल्या, तेव्हा इथे भारतीय बायका कुठे होत्या, लोकांना खरं वाटणार नाही. त्या मुलीच्या नखांना जांभळा रंग होता, पण ती खरी वाटत होती. तुम्हीच सांगा आता.

पुढे दुकानासाठी पोस्टकार्ड काढायचं ठरलं आणि फोटोत ती नखं चालेनात. मॅनेजरबाई मागच्या खोलीत आल्या. वहिनींचे हात हवे होते, फक्त बांगड्या काढून.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. हिरव्या काचेच्या बांगड्या. लग्न झाल्यापासून त्यांनी हात कधी मोकळा ठेवला नव्हता, आणि नवरा चांगला धडधाकट होता.

"काढल्या तर चौकात घेतील मला?"

"घेतील," मी म्हणाले. मी कुणालाही विचारलेलं नव्हतं. मला ते काम एकदाचं उरकायचं होतं.

साबण लावून त्यांनी एकेक बांगडी उतरवली. शेवटची निघेना, तेव्हा सिंकच्या कडेवर आपटली. "वाढली," एवढंच म्हणाल्या आणि तुकडे कागदात गुंडाळून ठेवले.

"स्वीट अ‍ॅज," मॅनेजरबाई म्हणाल्या. म्हणजे इथल्या बोलीत झकास.

कार्ड छापून आलं. जुनं दिसावं म्हणून तपकिरी केलेलं, टब, फेस आणि कोपरापर्यंत दोन हात. मागे लिहिलं होतं, सोन्याच्या काळातली धोबीण.

"तोंड कुठाय माझं?"

मी कार्डं दुकानातल्या फळीवर लावत राहिले. चौकात ती मुलगीच राहिली. वहिनींनी दारातून बघणंही सोडलं.

वर्षभरात धुणं बाहेर द्यायला लागले, त्यांच्या नवऱ्याला दूर उत्तरेला पापाकुरात नोकरी मिळाली आणि ते गेले. वहिनी माझा निरोप घ्यायला आल्या नाहीत. त्यांचा राग रास्त होता. मला अजून लाज वाटते.

कार्ड मात्र जोरात खपतं. तुम्ही आलात तर तुम्हालाही मीच विकेन. गेल्या आठवड्यात एका बाईंनी ते उजेडात धरून निरखलं. मनगटावर बांगड्यांचे फिकट वळ दिसतात, नीट बघितलं तर.

"किती खरे हात आहेत," त्या म्हणाल्या. "कोण होती ही?"

"नावाची नोंद नाही," मी म्हणाले, आणि कार्ड पिशवीत घालून दिलं.