पेणची गाडी गेली

पनवेलच्या मोटारस्टँडवर मी चौकशीच्या खिडकीत बसायला लागलो, तेव्हा मला सव्विसावं लागलं होतं. मी मुळात शांत स्वभावाचा, असं आई सगळ्यांना सांगायची. दोन वर्षांत त्या शांतपणाचं पार वाटोळं झालं.

खिडकीशेजारीच गाड्यांच्या वेळांचा फळा होता. वाचता न येणाऱ्यांनी विचारलं तर माझी काही तक्रार नव्हती. पण चष्मेवाले गृहस्थ फळा वरपासून खालपर्यंत वाचत आणि मग माझ्याकडे येऊन म्हणत, "उरणची गाडी साडेदहालाच ना?" मी हो म्हटलं की मागचा माणूस पुन्हा तेच विचारी. पुढच्याला दिलेलं उत्तर त्याला चालत नसे. गाडीला उशीर झाला, तर तीही मीच कुठेतरी दडवून ठेवल्यासारखे सगळे माझ्याकडे बघत.

माझं काहीतरी बिनसतंय हे मला कळलंच नाही, ते घरच्यांना कळलं. बायकोने आमटी वाढू का विचारलं तरी माझं डोकं सणके. "ताटात दिसत नाही का?" असं मी तोडून बोलायचो. शेवटी तिने विचारणंच सोडलं. मग न विचारता वाढलं म्हणून मी चिडू लागलो. पोटात सारखी आग पडे. डॉक्टरांनी तिखट बंद केलं, तर अळणी जेवणावरून माझी कटकट सुरू झाली.

अशातच वैशाखातल्या एका दुपारी पळस्प्याची एक म्हातारी खिडकीशी आली. दवाखान्यातून आली असावी, एका डोळ्याला पट्टी होती. पेणची गाडी पळस्प्यावरूनच जाई आणि ती त्या दिवशी रखडली होती. म्हातारीने अर्ध्या तासात तिसऱ्यांदा विचारलं, "पेनची गाडी हाय का रं बाबा?"

मी मान वर न करता म्हणालो, "गेली."

गाडी अजून यायची होती. तिने चौथ्यांदा विचारू नये, एवढ्यासाठी मी खोटं बोललो. ती "बरं" म्हणाली आणि निघून गेली. शेडमध्ये सावलीला बसली असेल, असं मला वाटलं. थोड्या वेळाने गाडी लागली, तेव्हा उठून पाहिलं तर शेडमध्ये ती नव्हती. पळस्पं फार लांब नव्हतं, तेव्हा त्या उन्हात ती पायीच निघाली असणार. मी धावत जाऊन ड्रायव्हरला सांगितलं, वाटेत अशी अशी म्हातारी दिसली तर गाडीत घे.

संध्याकाळी परत आल्यावर तो हसत हसत सांगू लागला. म्हातारी अर्ध्या वाटेवर झाडाखाली टेकलेली सापडली, पण गाडीत चढेना. पेणची गाडी गेली असं स्टँडवरच्या बाबाने सांगितलंय, ही दुसरी कुठलीतरी असणार, असं तिचं म्हणणं. कंडक्टरने हात धरून तिला वर घेतलं.

मला हसू आलं नाही. घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती समजूत घालेल अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "तिला खोटं का होईना, उत्तर तरी दिलंत. मला तेवढंही मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे खिडकी बदलून मागितली. नुसतं बसून उत्तरं द्यायला कसला त्रास होतो, असं त्यांनी विचारलं. तरी मी रोज जाऊन मागत राहिलो. कंटाळून त्यांनी मला दुपारनंतर पार्सलच्या खोलीत बसवलं. दोनेक महिन्यांत पोट शांत झालं. घरातलं बोलणं सुरळीत व्हायला मात्र वर्ष गेलं.

त्या वर्षीच्या माझ्या शेऱ्यात साहेबांनी 'कामाचा कंटाळा' असं लिहिलं. कंटाळा नव्हता तो. पण मग काय होतं, हे विचारलं असतं तर तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.