कॉलसाइनचं शेपूट

मांजरसुंब्याच्या चौकात माझं ट्रक-ट्रॅक्टरच्या वायरिंगचं दुकान आहे. वर पत्र्यावर अँटेना. ती पाहून गिऱ्हाईक विचारतं, "टीव्ही कुठाय?" मी हौशी रेडिओबद्दल, म्हणजे लायसन्स काढून हवेतून एकमेकांशी बोलण्याबद्दल, सांगायला लागलो की त्याला लगेच आपल्या गाडीची घाई होते.

हा नाद लावला नांदूरघाटच्या गुरुजींनी. शाळेत ते विज्ञान शिकवायचे. परीक्षेला बसवून लायसन्सही त्यांनीच काढायला लावलं. तेव्हापासून रोज सकाळी दुकानातल्या सेटवर त्यांचा आवाज यायचा, "उठलास का बे? शटर उघड." मी म्हणायचो, "उठलो, गुरुजी. पाच-नऊ." पाच-नऊ म्हणजे आवाज स्वच्छ, सिग्नल दणदणीत.

मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गुरुजी वाचले, आवाज कायमचा गेला. फोनवर त्यांचे मेसेज यायचे, पण कसले, तर गुलाबाच्या चित्रावर शुभ सकाळ! मला असा राग यायचा! उभ्या जिल्ह्याला हवेतून हाका मारणाऱ्या माणसानं गुलाब पाठवावेत? भेटायला गेलो तर सेटवर फडकं टाकलेलं. काकू म्हणाल्या, "कुनाला तरी देऊन टाक म्हनतेत. पाटीवर लिहून दावलं मला."

"देऊ नका, काकू. रविवारी येतो मी," म्हणालो आणि तशीच गाडीला किक मारली.

बोलता येत नसेल तर रेडिओवरून टाइप करता येतं, हे मला ऐकून माहीत होतं. तो आठवडा मी वेड्यासारखा त्याच्याच मागे लागलो. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर राउटिंगचा प्रोग्राम बसवला. तो म्हणजे पोस्टमास्तर. रेडिओवर आलेला मजकूर कुणाचा, कुठे द्यायचा, ते तो बघतो. टर्मिनल नावाचा दुसरा प्रोग्राम म्हणजे त्या पोस्टाची खिडकी. तिथे बसून आपण टाइप करायचं, आलेलं वाचायचं. दोन्ही एकमेकांशी जोडले की झालं!

रविवारी गुरुजींकडेही हेच बसवलं. फडकं निघालं, सेटचा दिवा लागला. गुरुजींनी टर्मिनलमध्ये एकेक अक्षर शोधत माझ्या दुकानाला हाक टाइप केली. सेट खर्रर्र करून ओरडला, आणि लगेच दुकानात चालू ठेवलेल्या कॉम्प्युटरकडून आपोआप तसंच खर्रर्र उत्तर आलं! मी टाळीच वाजवली. पण खिडकी कोरी ती कोरीच. पुन्हा केलं. उत्तर ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. गुरुजींनी हात मागे घेतला आणि फडक्याकडे बघितलं. मी घाईघाईनं दोन्ही प्रोग्रामच्या सेटिंग उघडून बघितल्या.

तेवढ्यात घोळ सापडला. अभिमानापायी गुरुजींनी आपलंच कॉलसाइन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळालेलं हवेतलं नाव, दोन्हीकडे भरलं होतं, पोस्टमास्तरालाही आणि खिडकीलाही! एका घरात एकाच नावाचे दोघे. उत्तर पोस्टमास्तर स्वतःलाच आलं समजून ठेवून घेत होता. मी म्हणालो, "गुरुजी, तुमच्या कॉलसाइनपुढे एक आकडा लावू. शेपटासारखा. म्हणजे ओळख वेगळी होईल."

त्यांनी पाटी ओढली. दाबून लिहिलं, "शेपूट? मला कावून?"

दारावर पितळी पाटीवर, स्कूटरच्या मडगार्डवर, सगळीकडे तेच कॉलसाइन होतं. आवाज गेल्यावर तेवढंच तर उरलं होतं. काकू चहा घेऊन आल्या, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मग त्या मशीनला लावा की शेपूट. मशीनला कशाची लाज हाय?"

अरे हो की! शेपूट पोस्टमास्तराला लावलं, गुरुजी नुसते गुरुजी राहिले. आता दुकानातल्या मशीनचं उत्तर खिडकीत दिसलं, पण तिथे माणूस कुणी नव्हता आणि गुरुजींना माणूसच हवा होता. त्यांनी पाटीवर लिहिलं, "सकाळी."

सोमवारी शटर अर्धवट उचलून मी आत जाऊन बसलो. समोरच्या धाब्यावर एक ट्रक गुरगुरत होता, त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आणि सेट ओरडला, खर्रर्र! खिडकीत अक्षरं आली.

"उठलास का बे? शटर उघड."

"उठलो, गुरुजी!" मी एवढ्यानं ओरडलो की धाब्यावरची माणसं वळून बघायला लागली. मग आठवलं, हे त्यांना ऐकू जाणार नाही. डोळे पुसले आणि टाइप केलं, "उठलो, गुरुजी. तुमचा आवाज पाच-नऊ."