साडू आणि उबवणीचा खोका

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही झाकण सुखानं बसू दिलेलं नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आत ते कुकरपाशी, विरजण लावून तास झाला नाही तोच दह्याच्या पातेल्यापाशी, आणि लोणच्याची बरणी मुरायला ठेवली की दिवसभर बरणीपाशी. "मुरलं का तेवढं बघतो" म्हणून ते इतक्या वेळा बघतात की त्यांच्या घरी लोणचं मुरत नाही, थेट बुरसतं. हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथं वस्तू उघडून बघण्याचा पगार मिळत होता, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी घरी येता येता रिक्षातच उघडलं. खोका नव्हे, घड्याळ. ते आजही त्यांच्या पुंडलिकनगरच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे. चालत नाही, पण आत काय होतं ते साडूंना पक्कं ठाऊक आहे.

अशा माणसाच्या पदरात देवानं नेमकी अंडी टाकावीत, यावरून देवाला विनोदबुद्धी आहे आणि दयाबुद्धी नाही असं माझं मत झालं.

झालं असं, की साडूंच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, गंगापूरकडचं शेतातलं घर सोडलं. गुडघे गेले होते, मुलगा पुण्याला आठव्या मजल्यावर राहतो, त्यानं आईला नेलं. जाताना आक्कांनी भांडी वाटली, पलंग वाटला, आणि धाकट्या भावाला एका डालग्यात आपल्या कोंबड्या दिल्या. उघड्या मानेच्या, तांबूस-काळ्या, बघायला अजिबात देखण्या नसलेल्या. पण ही जात आक्कांनी सासरी पाऊल टाकल्यापासून सांभाळलेली. एकीची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं, बाहेरची एक कोंबडी आत येऊ दिली नाही. "मला दुसरं काय बी नको," त्या भावाला म्हणाल्या, "माझ्या कोंबड्यायची जात तेवढी मोडू देऊ नको." साडूंनी मान डोलावली. त्याच वेळी त्यांनी डालगं उचलून आत किती आहेत ते बघितलं, आणि एक कोंबडी पळाली. तिला धरायला अर्धी वस्ती धावली.

खरं म्हणजे जात चालवायला माणसाला काही करावं लागत नाही. कोंबडी खुडूक झाली की आपणहून अंड्यांवर बसते आणि एकवीस दिवसांनी पिल्लं घेऊन उठते. साडूंच्या गच्चीवरही एक कोंबडी अशी बसली. साडू दर थोड्या वेळानं तिला दोन्ही हातांनी उचलायचे, खालची अंडी बघायचे आणि पुन्हा ठेवायचे. तिनं काही दिवस सोसलं. मग ती उठून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली, ती कायमची. दुसरीचंही तेच. दरम्यान मुंगसानं आपला वाटा नेला, उन्हाळ्यानं आपला नेला, आणि एक कोंबडी नि एक म्हातारा कोंबडा एवढाच आक्कांचा वारसा उरला. तेव्हा साडू म्हणाले, "मास्तर, आता मशीनच बनवू."

मास्तर म्हणजे मी. मी शाळेत भूगोल शिकवतो. आठवीला 'आर्द्रता' नावाचा धडा आहे, तो मी दरवर्षी एका तासात उरकतो आणि त्यानंतर वर्षभर माझा नि आर्द्रतेचा संबंध राहत नाही. पण ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, कुठंतरी बोलून ठेवलं की आमच्या मास्तरांना हवेतलं पाणी कळतं. झालं, मी तज्ज्ञ झालो.

साडूंनी थर्माकोलचा खोका आणला, आत बल्ब, बल्बची ऊब कमीजास्त करणारा थर्मोस्टॅट, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, तळाशी पाण्याची वाटी. वर झाकण. मी त्या झाकणाकडे बघितलं आणि मग साडूंकडे बघितलं.

पहिली खेप उन्हाळ्यात लावली. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, दोरीवर शेवटचा शर्ट टाकेपर्यंत पहिला वाळून ताठ उभा असतो. त्या हवेत वाटीभर पाणी काय पुरणार? तारीख उलटली, एकही अंडं फुटेना. साडूंनी फोडून बघितलं. आत पूर्ण वाढलेली पिल्लं, चोच, पिसं, नखं सगळं जिथल्या तिथं, आणि अंगाला वाळका पापुद्रा कागदासारखा चिकटलेला. त्यांना आत हलताच आलं नव्हतं. साडू कितीतरी वेळ ते अंडं हातात घेऊन बसले. मग मला म्हणाले, "मास्तर, पाणी कमी पडलं व्हय?"

"आर्द्रता कमी पडली," मी म्हणालो. धड्यात तेवढंच आहे.

दुसऱ्या खेपेला साडूंनी पाणी कमी पडू दिलं नाही. दोन वाट्या, एक ताट, ओलं गोणपाट, आणि कहर म्हणजे घरातला कूलर ओढून खोक्याच्या भोकांसमोर लावला. ताई आणि मी घामानं निथळत बाहेरच्या खोलीत, अंडी कूलरपुढे. ताई म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्सं झाली, माझ्याकडं कूलरचं तोंड कधी असं फिरवलं नाही." ही खेप फुगून मेली. अंड्यातलं पाणी उडून आत हवेची जागा व्हावी लागते, तीच झाली नाही. पिल्लं आतल्या आत बुडाली. ज्या गावात नळाची वाट बघत लोक वारांचे हिशोब करतात, त्या गावात साडूंनी बंद कवचात पूर आणून दाखवला.

मग आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं. ते साठ दाखवू लागलं. खात्रीसाठी दुसरं आणलं, ते चाळीस म्हणालं. तिसरं आणलं तेव्हा ते मधलं काहीतरी सांगू लागलं आणि तिघं मिळून आमच्या घरातल्या जाणत्या माणसांसारखी वागू लागली. मी मोबाईलवर वाचून उपाय काढला: ओलसर मीठ आणि यंत्र एका बरणीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवायचं, सकाळी पंचाहत्तर दाखवलं तर यंत्र खरं. मी बोलून बसलो आणि मग लक्षात आलं, की बरणी. घट्ट बंद. रात्रभर. त्या यंत्रांचं खरंखोटं आजतागायत ठरलेलं नाही.

तिसरी खेप मात्र जमत आली होती. पाणी बेताचं, ऊब बरोबर, शेवटच्या दिवसांत अंडी हलवणं बंद करून ओल वाढवलेली. एका अंड्याला बारीक तडा गेला, आतून चिवचिव ऐकू आली. आता फक्त झाकण लावून गप्प बसायचं. आतली ओल बाहेर गेली की पापुद्रा वाळतो आणि अर्धवट फोडलेल्या कवचात पिल्लू अडकतं, हे मी साडूंना हात जोडून सांगितलं. त्यांनी देवाशपथ कबूल केलं. तेवढ्यात शेजारचे खानसाहेब दारात आले.

"क्या भाईसाब, निकले क्या बच्चे?"

"निकल रहे! आवो ना, देखो!" आणि साडूंनी पाहुण्यापुढे पानाचा डबा उघडावा तसा खोका उघडला.

"माशाल्ला," खानसाहेब म्हणाले.

खानसाहेबांनी बघितलं, मग आपल्या बेगमला बोलावलं, मग वरच्या मजल्यावरचे आले, गॅसची टाकी घेऊन आलेला माणूसही बघून गेला. आमच्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणायची रीत नाही, आणि साडूंना तर ती कुणी शिकवलीच नव्हती. संध्याकाळपर्यंत चिवचिव बंद झाली.

दर रविवारी पुण्याहून आक्कांचा फोन यायचा. "निघाले का रं पिल्लं?" साडू म्हणायचे, "बसवलेत आक्का, निघतील." असे कितीतरी रविवार ते निघत होते. मग एक दिवस कोंबडा गेला आणि पाठोपाठ ती शेवटची कोंबडीही गेली. तिची थोडी अंडी तेवढी स्वयंपाकघरात थंड जागी ठेवलेली होती. आता ही गेली की संपलं, हे साडूंना सांगावं लागलं नाही. त्यांनी ती एकेक करून खोक्यात ठेवली आणि पहिल्यांदाच ताईंकडे बघून म्हणाले, "तू काय म्हनशील तसं."

ताईंनी निकाल दिला. अंडी फुटायच्या सुमाराला अजिंठ्याला साडूंच्या एका चुलत भाच्याचं लग्न होतं. त्यांनी साडूंची पिशवी भरली आणि त्यांना एकट्यालाच एसटीत बसवलं. झाकणावर ज्वारीचं पोतं ठेवलं आणि शेजारी मला. साडूंचा दर अर्ध्या तासाला फोन. "मास्तर, आवाज येतो का आतून?" मागे बँड वाजत असायचा. "आहेर लागायलाय, पन माझं मन तिकडंच हाय. नुसतं सांगा, येतो का?"

आला. एकाच अंड्यातून. बाकीच्यांत काही धरलंच नव्हतं. म्हातारा कोंबडा, जुनी अंडी, कुणाला बोल लावणार? पोतं उचललं तेव्हा खोक्यात एकच पिल्लू वाळून, फुगून, उघडी मान ताणून उभं होतं. साडू अक्षता पडल्या पडल्या जेवण न करता परत आले, आणि त्याला ओंजळीत घेऊन इतक्या हळू बोलले की ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

पुढं तुरा वाढला, शेपटीला बाक आला. तो कोंबडा होता. बाहेरची गावरान कोंबडी आणून जोडी लावू, अर्धी तरी जात राहील, असं मी सुचवलं. साडू "बघू" म्हणाले आणि जागचे उठले नाहीत. जन्मात प्रथमच हा माणूस बघू म्हणून बघायला गेला नाही.

त्या रविवारी मी तिथंच होतो. फोन आला आणि साडूंनी सगळं सांगून टाकलं. "आक्का, एकच निघालं. आन् ते बी कोंबडा. जात मोडली आक्का. माझ्या हातानं मोडली."

साडूंनी फोन कानापासून दूर धरून चालू आहे का ते बघितलं. मग आक्कांचा आवाज आला.

"आरवतो का?"

"लई. खानसाहेब वैतागलेत."

"मग उद्या सकाळी फोन लाव. बोलू नको काय. नुसता तिकडं धर. हितं एवढ्या उंचावर कशाचाच आवाज येत नाय."

तेव्हापासून रोज उजाडताना साडू गच्चीवर उकिडवे बसतात आणि कोंबड्याच्या दिशेनं फोन धरतात. कोंबडा शहरातला, त्याला वेळेचं भान नाही. कधी लगेच आरवतो, कधी अर्धा तास दाणे टिपत फिरतो. साडूंचा हात भरून येतो, मग ते फोन दुसऱ्या हातात घेतात. तिकडून आक्का काही विचारत नाहीत. दोघंही थांबून राहतात.