पत्र्यावरचे दगड कुणी उतरवले?

मी तलाठी आहे. सरकारनं आमच्या पदाचं नाव बदललं, पण लोक अजून तलाठीच म्हणतात. सांगायचा मुद्दा असा की, जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय आणि दोन पंचांच्या सह्या घेतल्याशिवाय मी कशावरही विश्वास ठेवत नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी टिंगल मीच करतो. इथं असले अनुभव लिहिणाऱ्यांचीही मनातल्या मनात बरीच केलीय... आज माझी पाळी आहे, तेव्हा खुशाल हसा.

आमचा हिंगोली जिल्हा, औंढा तालुका. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडे अधूनमधून जमिनीतून आवाज येतात. लांबून जड ट्रक गेल्यासारखं घुमतं, मांडणीवरची भांडी किणकिणतात, झालं. पाहुणा असेल तर उठून बाहेर पळतो, आम्ही हातातला चहा संपवतो. जरा मोठा धक्का बसला की लोक चार दिवस अंगणात झोपतात आणि पाचव्या दिवशी डास चावतात म्हणून घरात जातात. कारणं प्रत्येकाची वेगळी. कुणी सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याला दोष देतं, कुणी बोअरवेलला.

त्या आठवड्यात मात्र सोमवारपासून रोजच हादरे सुरू झाले. आम्हाला आदेश आला - पत्र्याच्या घरांवरचे दगड लोकांना उतरवायला सांगा. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून इकडे त्यांच्यावर मोठाले दगड ठेवतात. भूकंपात भिंत तग धरते, पण दगड खाली येतात... आणि खाली माणूस झोपलेला असतो.

दोन दिवस मी तांडे पालथे घातले. एका तांड्यावर कंबरेवर हात ठेवून एक म्हातारी म्हणाली, "भाऊसाब, दगड काढले अन् वारं सुटलं, तर पत्रे धराले तुमी येता का?"

सगळे हसले. मीही हसलो.

मग तिनं विचारलं, "तुमच्या घरावरचे काढले का?"

"काढले की," मी म्हणालो. साफ खोटं.

गावातल्या आमच्या घरी आई एकटी राहते. मी नोकरी आणि पोरांच्या शाळेमुळे हिंगोलीत. घराच्या मागच्या खोलीवर पत्रे आहेत आणि त्यांच्यावर अठरा दगड, शिवाय जुन्या जात्याची तळी, म्हणजे खालचा जड दगड. ती तळी वर चढवताना मी आणि शेजारचे सखाराममामा, दोघांचाही दम निघाला होता. त्याच खोलीत आईची बाज. लोकांना "आजच्या आज काढा" म्हणून दरडावत होतो आणि स्वतःचे रविवारी काढू म्हणून ठेवले होते. रविवारी सुट्टी असते ना!

शुक्रवारी सकाळी सातच्या सुमारास मोठा धक्का बसला. हिंगोलीत आमचा पंखा झोक्यासारखा हलला. सगळे खाली पळालो आणि मला एकदम ते दगड आठवले. आईला फोन लावला. रिंग जाते, उचलत नाही. मामांना लावला, लागेना. गाडीला किक मारली. पुढचा तास कसा गेला ते सांगता येणार नाही. दिसेल त्या देवाला नवस बोलत होतो, एवढं कबूल करतो.

पोहोचलो तर मागची भिंत बाहेर ढासळलेली. पत्रे तिरके होऊन बाजेवर टेकलेले. आई अंगणात बसलेली, केसांत धूळ, कपाळाला जरासं खरचटलेलं, बाकी काही नाही. मी तिच्या पायाशीच बसलो आणि रडलो.

"काहून रडून राहिला?" ती म्हणाली. "नुसते पत्रे पडले. दगड असते तर गेले असते मी."

तेव्हा माझं लक्ष गेलं. कुंपणाच्या कडेला दगड एका ओळीत लावलेले होते. मी मोजले, अठरा. शेवटी जात्याची तळी, कुंपणाला टेकवून उभी केलेली.

"कुणी काढले?"

"कुणी म्हंजे? तूच की! काल दुपारी न्हाई का आलास? म्या म्हणलं, मामाला बोलव, एकट्याला उचलंना. तू नुसती मान हलवली. एक शब्द बोलला न्हाईस, बापू."

काल दुपारी मी तहसीलमध्ये मीटिंगला होतो. बारा ते पाच. रजिस्टरात सही आहे, ग्रुपवर फोटो आहे, फोटोत मी जांभई देतोय.

मग मी माझं नेहमीचं काम केलं, म्हणजे चौकशी. आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, आता तिला लांबच्या रस्त्यावरची एसटीही ओळखू येते. शिडी मामांच्या कोठीत, कुलपात. चावी मामांच्या खिशात आणि मामा दिवसभर औंढ्याच्या बाजारात.

"न्हाई रे बापू, मी तर अंधार पडल्यावर आलो," मामा म्हणाले. "अन् ती तळी एकट्यानं कोण उतरवंल?"

गल्लीत दुसऱ्या कुणीही कुणालाच पाहिलेलं नाही. आपल्याच घराचा पंचनामा करता येत नाही, म्हणून दुसरा तलाठी आला. त्यानं लिहिलं, 'छतावर दगड नसल्याने जीवितहानी टळली.' खाली दोन पंचांच्या सह्या. माझ्या नियमानं पुरावा पक्का आहे, फक्त कशाचा ते कळत नाही. आजवर कुणालाही त्याचा उलगडा झालेला नाही.

आईला मी खरं सांगितलेलं नाही. ती भेटेल त्या बाईला सांगते, माझ्या लेकानं नोकरी सोडून भर उन्हात येऊन दगड काढले. मी मान खाली घालून चहा पितो.

परवा जेवायला वाढताना म्हणाली, "त्या दिवशी तसाच निघून गेलास. भाकर झाकून ठेवली होती तुझ्यासाठी."

"चुकलं, आई," मी म्हणालो. तेवढं एकच तिच्याशी खरं बोललो.