गालावरचा काळा साबण

न्हाणीघरात ओल्या राखेचा वास आला की मला लढाई संपली त्या वर्षीची दहिवलीतली एक सकाळ आठवते. परसात मी, बायको सरू आणि तिचा भाऊ गणपत, असे तिघे होतो. आमची चार महिन्यांची मुलगी अंगभर उठलेल्या पुरळामुळे रात्र रात्र रडत होती.

गणपत नुकताच ब्रह्मदेशाच्या लढाईतून परतला होता. त्याने सुक्या पानात गुंडाळलेला काळा, ठिसूळ गोळा काढला.

"साबण हाय. आफ्रिकेच्या शिपायानं दिला. केळ्याच्या सालींची राख घालून करतात. त्यांच्यात पोरांना बी लावतात."

राखेच्या खाराने कातडी सोलवटते एवढं मला माहीत होतं. मी नको म्हणालो. सरूने गोळा भिजवून स्वतःच्या गालाला फासला.

"हाताला लाव की गं," मी म्हणालो.

"हात भाकऱ्या थापून निबर झालेत. त्यांना काय कळतंय?"

दुपारपर्यंत मी तिच्या गालाकडेच बघत राहिलो.

"अवो, सारखं काय बघताय? काळी झाले का मी?"

गणपत हसला. मला हसू येईना.

गाल लाल झाला नाही, तेव्हा तिने मुलीला त्या फेसाने न्हाऊ घातलं. मुलगी लगेच झोपली. दिवेलागण झाली तरी हलेना. आम्ही आळीपाळीने तिच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहत होतो. शेवटी सरूला राहवेना. तिने मुलीच्या पायाला बारीक चिमटा काढला.

मुलीने मोठ्याने भोकाड पसरलं, तेव्हा कुठे सरू भाकऱ्या करायला उठली.