लिफ्टबाहेरच्या चपला

माझी सून लिफ्टच्या खड्ड्यात पडून मेली. गोंदियातल्या एका इमारतीत ती धुणीभांडी करायची. आमचं दोघींचं फार गोडीचं होतं असं मी लिहिणार नाही. ती भाजीत मीठ जास्त टाकायची, मी बोलायची, ती उलट बोलायची. पण सकाळी कामाला सोबतच निघायचो. मी रस्त्यापलीकडच्या एका घरी स्वयंपाक करत होते.

कामवाल्या बायांच्या चपलांनी लिफ्ट घाण होते, अशी त्या इमारतीतल्या लोकांची तक्रार होती. म्हणून सेक्रेटरीनं तोंडी नियम केला. बायांनी चपला बाहेर काढायच्या, दार उघडायचं, ओझं आत ठेवायचं आणि मग चपला उचलून हातात धरायच्या. एका मालकाचा कुत्रा मात्र चिखलाचे चारही पाय घेऊन लिफ्टमध्ये चढायचा. सून म्हणायची, "माय, पुढच्या जन्मी कुत्राच होतो. चपलाच नाही तं काढाच्या कोनत्या?"

लिफ्ट जुनी, हातानं ओढायच्या दाराची. लिफ्ट समोर आलेली नसेल तर ते दार उघडायलाच नको, तसं कुलूप त्यात असतं. तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप बिघडलं होतं. घरमालकांना माहीत होतं. खाली भिंतीवर तसा कागद लावला होता. वर लावला नव्हता, आणि बायांना कोणी सांगितलंही नव्हतं.

सून ओल्या चादरी-ब्लँकेटांचं गाठोडं गच्चीवर वाळत घालायला नेत होती. डोक्यावर ओझं असलं की आम्ही मान खाली घालत नाही. जमीन पायानंच बघतो. तिनं चपला काढल्या, दार ओढलं आणि पाय पुढे टाकला. लिफ्ट तिथं नव्हती.

पोलीस ठाण्यात हवालदारानं पंचनामा वाचून दाखवला. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी चपलांचा जोड नीट ठेवलेला मिळाला, असं त्यात होतं. सेक्रेटरी लगेच म्हणाला, "साहब, कुएँ में कूदनेवाला चप्पल उतारके ही कूदता है."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. "घरात भांडण होत होतं का, बाई?"

"होत होतं."

"कशावरून?"

"मिठावरून."

"मिठावरून कोणी जीव देते का?"

"नाही देत. तेच तं सांगून राहिली."

तिनं उडी घेतली असं ठरलं असतं तर सेक्रेटरी सुटला असता, दुरुस्तीवाला सुटला असता, आणि मी न् माझा लेक अडकलो असतो. तेही मी सोसलं असतं. पण तिची आई मातीला आली आणि आमच्या घरचं पाणी न पिता गेली. जाताना सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या पोरीले तुमी जीव द्याले लावला." मेलेल्या पोरीच्या नावावर ते कायमचं लागलं असतं.

चपलांच्या नियमाचा कागद नव्हता. सेक्रेटरी म्हणाला, असा नियमच नाही. मी तिथल्या बायांना विचारलं, सांगता का खरं. त्यांनी माना खाली घातल्या. मी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. काम सुटलं की चूल विझते.

मग मी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले. ज्यांचं धुणं सून नेत होती त्या म्हाताऱ्या बाईंनी दार अर्धंच उघडलं.

"मला यात ओढू नका," त्या म्हणाल्या.

"तिच्या डोक्यावर ब्लँकेटं कोनाची होती?"

त्या तिथंच खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "चपला काढ म्हणून मीच दारातून ओरडले होते तिला."

"हे हवालदारापाशी बोला."

स्वतःच्या लेकाचा विरोध असताना त्या ठाण्यात आल्या आणि बोलल्या. नियम कोणी केला तेही बोलल्या. आता त्या इमारतीत त्यांच्याशी कोणी बोलत नाही, असं ऐकते.

पोलिसांनी मग निष्काळजीपणाचा गुन्हा लिहिला. सरकारी माणूस येऊन लिफ्ट बंद करून गेला, तेव्हा कुठं नवीन कुलूप बसलं. सेक्रेटरी म्हणतो, दुरुस्तीवाल्याला सांगितलं होतं. दुरुस्तीवाला म्हणतो, मला कोणी कळवलंच नाही. वकील म्हणतो, दोघांनाही उत्तर द्यावं लागेल, पण वेळ लागेल. तारखा चालू आहेत.

मी तिरोड्याकडच्या गावी विहिणीकडे गेले. ती अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं, "पोलिसांनी लिहिलं. पोरगी पडली. उडी नाही घेतली."

तिनं सूप खाली ठेवलं नाही. "मले माहीत होतं."

"मंग मले कायले बोलल्या?"

"कोनाले तरी बोलावं लागते, बाई."

मी बसले. तिनं पाणी आणून दिलं. मी पीत असताना तिनं विचारलं, "लय वेळ तडफडली का?"

"नाही. पडल्याबरोबर गेली म्हने डॉक्टर."

"खरं सांगून राहिल्या ना?"

"मले खोटं बोलता येत असतं तं तुमच्या पोरीसंग एवढी भांडली असती का?"

ती पुन्हा डाळ निवडू लागली. डॉक्टर तसं काही म्हणाला नव्हता. लिफ्टचं खालचं दार उघडेपर्यंत सून कण्हत होती, हे तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला सांगितलं होतं.