शिडीच्या पायथ्याशी सामान

शिडीच्या पायथ्याशी सामान दिसलं तेव्हा तलाहोयाने आधी शेजारच्या शिडीकडे पाहिलं. बेअब्रू दुसऱ्या कुणाची असली तर बरी, असं कुणालाही वाटतं. पण मागाची ती काठी त्याचीच होती, एका टोकाला त्याने स्वतः दातांनी खाच पाडलेली. शेजारी हिवाळी पायताणं, सशांवर फेकायचं वाकडं लाकूड आणि घडी केलेलं कांबळं. घडी नीट केलेली होती, हे त्याला जास्त लागलं. रागाच्या भरात फेकलेलं सामान परत वर जातं. घडी करून ठेवलेलं जात नाही.

आमच्या पठारावर घर बाईचं. भिंती तिने लिंपलेल्या, कणगीतला मका तिचा, मुलं तिच्या आईच्या कुळातली. नवरा लग्न करून तिच्याकडे राहायला येतो. नकोसा झाला की त्याची चीजवस्तू शिडीखाली येते. त्यासाठी पंच बसत नाहीत की आरडाओरडा होत नाही. त्याने मुकाट सामान उचलायचं आणि बहिणीचं घर गाठायचं.

नुवाम्सी वर गच्चीवर मका भरडत होती. तिने हात थांबवला नाही.

"काय गं हे?"

"डोळे गेले का? सामान आहे."

"ते दिसतंय. का?"

"आज दुपारी माझ्या मामाची पाठ सोलली, देवळापुढे, सगळ्यांच्या देखत. तोताचीच्या हातात मामाने केलेली पिसं होती. ती त्याच्यापर्यंत कशी गेली? त्या दारातून आतबाहेर कोण करतं? मी करते?"

तलाहोयाच्या पायांत अजून दोन दिवसांची धाव होती.

"मी काही सांगितलं नाही," तो एवढंच म्हणाला.

"असं म्हणायला काय लागतं?" ती म्हणाली आणि तिने नवा मका पाट्यावर ओतला.

तोताची म्हणजे आमच्या गावातला पाद्री. नुसते हुकूम सोडणाऱ्या माणसाला आमच्याकडे हाच शब्द आहे, त्याच्यासाठी नवा शोधावा लागला नाही. तो कास्तीलांबरोबर, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्यांबरोबर, आला. कास्तीलांकडे घोडे होते, लोखंड होतं आणि दूर कुठल्यातरी राजाचं नाव होतं. देऊळ बांधायला त्याने चार दिवसांच्या वाटेवरच्या डोंगरातून तुळया ओढून आणायला लावल्या. नाच बंद केले, मुखवटे जाळले आणि पाऊस मागायची पिसं, म्हणजे पाहो, कुणाकडे सापडली तर फटके ठरवले. चार वर्षं पाऊस आला नाही. यायचा कसा? मागणारंच कुणी उरलं नव्हतं.

आणि हा माणूस गावच्या झऱ्याचं पाणी पीत नसे. लोक त्यात काहीतरी कालवतील, असा त्याला संशय. खरं सांगायचं तर दोघातिघांच्या मनात तसं येऊनही गेलं होतं. म्हणून एका दिवसाच्या धावेवरच्या झऱ्याचं पाणी तलाहोयाने आणायचं. एक दिवस जायला, एक यायला, एक पाय चोळायला. पाठीवरच्या जाळीत तीन तुंबे. तोताचीच्या घराला कास्तीलांसारखं लाकडी दार होतं, आतून आडणा. पाणी आलं की दार उघडे, आणि प्रत्येक तुंब्यातलं आधी तलाहोयाने प्यायचं. मग तोताची त्याच्या तोंडाकडे बघत थोडा वेळ उभा राही. तो मरत नाहीसं पाहून तुंबे आत घेई.

असं सहा वर्षं चाललं. गावात दुसऱ्या कुणाला ते दार उघडत नसे. त्यामुळे नुवाम्सीला जे वाटलं ते वाटायला फार अक्कल लागत नव्हती.

तलाहोया सामान घेऊन होन्मनाकडे, त्याच्या बहिणीकडे गेला. तिने जेवायला वाढलं, पण नवऱ्याला आणि मुलांना घेऊन ती दुसऱ्या खोलीत बसली.

"तुलाही तसंच वाटतं का गं ताई?"

"मला काय वाटायचंय? तू जेव."

आता त्यालाही प्रत्येकाचा संशय येऊ लागला. घंटा वाजवणारा तो बोकडतोंड्या, त्याने सांगितलं असेल. नाहीतर ताईचा नवरा, त्याला हल्ली मेंढीचं मटण कुठून मिळतं? मामाने गेल्या वर्षी शेताच्या वादात ज्याला तोंडावर पाडलं, तो असेल. विचार करता करता एक रात्र अशी आली की त्याला नुवाम्सीचाच संशय आला आणि मग तो स्वतःशीच ओशाळला.

रविवारी देवळात हजेरी झाली. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. नुवाम्सीने नवऱ्याला काढून टाकलं, हे घंटावाल्याने पुढे होऊन सांगितलं. पूर्वेकडून आलेले दोन शिपाई त्या आठवड्यात गावात मुक्कामाला होते. तोताचीने दोघांना हाक मारली. देवापुढे बांधलेली गाठ बाईने सोडायची नाही, असं तो म्हणाला. शिपायांनी तलाहोयाला दंडाला धरून त्याच्या बायकोच्या शिडीवर चढवलं. एकाने मागून मागाची काठी आणली, दुसऱ्याने कांबळं. सगळं गाव गच्च्यांवर उभं राहून बघत होतं.

बोंब झाली ती इथे. ज्याला तोताचीचे शिपाई हाताला धरून घरात बसवतात, तो कुणाचा माणूस? गावाने हिशोब लावला आणि विषय संपला.

"या जावईबापू," नुवाम्सी म्हणाली. "सरकारी पाहुणे तुम्ही. बसा."

त्या दिवसापासून ती त्याला अहोजाहो करू लागली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्याचं अंथरूण कणगीशेजारी. ताटात पापुद्र्यासारखी मक्याची भाकरी आणि पातळ घेवडा पडे, शब्द एक नाही. भाची काही सांगायला आली की नुवाम्सी मोठ्याने म्हणे, "हळू बोल गं, घरात कान आहेत." कोपऱ्यात मामा, कोयावेमा, पालथा पडलेला. पाठीवर मेंढीची चरबी आणि पाल्याचा लेप. तो म्हातारा कुणाशीच बोलत नव्हता. फटके पडताना पिसं कुणासाठी केली ते विचारलं गेलं, तेव्हाही बोलला नव्हता. पाहो तो निम्म्या गावाला करून देत असे. एक नाव घेतलं असतं तर निम्मे फटके वाचले असते.

किवात, म्हणजे पुरुष बसतात त्या जमिनीखालच्या खोलीत, तलाहोया उतरायला गेला तर आतून शिडी ओढून घेतली गेली. वरच्या भोकाशी तो थोडा वेळ उभा राहिला. खालून कुणीतरी म्हणालं, "पाणीवाले, आज तुमचा घसा ओला आहे ना? आमचे कोरडे आहेत, जरा बोलत बसतो."

शिपाई होते तोवर गावच्या झऱ्यावर तेच पहारा देत, त्यामुळे तलाहोयाला लांब जावं लागलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा पाण्याला गेला. शिपाई त्याच सकाळी दुसऱ्या वाटेने परत पूर्वेला निघाले. झऱ्यावर पोहोचून तो खाली वाकला आणि तसाच राहिला.

पिसं नव्हती.

झऱ्यातून पाणी घेतलं की तिथे पाहो ठेवायचा, ही आमची रीत. झरा जिवंत आहे, त्याच्याकडून नुसतं घेऊन चालत नाही. पाणी कुणाच्या घशात जाणार, याच्याशी झऱ्याला काय करायचंय? तलाहोया सहा वर्षं दर खेपेला एक पाहो ठेवत आला होता. खडकाच्या कपारीत ओळीने, पावसाने विटलेले जुने, पांढरेशुभ्र नवे. इतक्या लांब कोण बघतंय, असा त्याचा हिशोब. आता कपार झाडून नेल्यासारखी रिकामी होती. ओल्या मातीत नालांचे ठसे होते, आणि आठदहा दिवसांपूर्वीची वाळलेली लीद.

मागच्या खेपेला तो इथून निघाल्यावर शिपाई येताना इथे घोडे पाजायला थांबले होते, आणि घोडवाटेने त्याच्या आधी गावात पोहोचले होते.

पिसं बांधायच्या दोऱ्याचा एक तुकडा काटेरी झुडपाला अडकला होता. सुती. मग त्याला सगळं कळलं. मेंढ्या आल्यापासून गावात सगळे लोकर कातत. कापूस अजून एकच माणूस लावत होता, उतारावरच्या ओंजळभर वाफ्यात, कोयावेमा. हे तोताचीलाही ठाऊक होतं, तो वाफा त्याच्या खिडकीतून दिसे. पिसं कुणाची ते सांगायला चुगलखोर लागलाच नव्हता, दोऱ्यानेच सांगितलं होतं. आणि तो दोरा तिथे तलाहोयाने, स्वतःच्या हाताने, भक्तिभावाने ठेवला होता.

परत आल्यावर त्याने तुंबे पोहोचवले, तीन घोट प्याला आणि घरी येऊन मामाच्या उशाशी बसला. नुवाम्सी चुलीजवळ होती. त्याने सगळं सांगितलं आणि दोरा पुढे ठेवला.

"हे खरं कशावरून?" नुवाम्सी म्हणाली. रागाच्या भरात अहोजाहो विसरली. "दोरा काय, याच घरातून उचलला असशील."

"उचलायचा तर मोठा उचलला नसता का?"

"तू हुशार आहेस हे मला आत्ता कळतंय."

कोयावेमाने मान वळवली. बरेच दिवस न बोलल्याने त्याचा आवाज खरखरीत झाला होता. "सहा वर्षं? दर खेपेला?"

"हो मामा."

"म्हणूनच तू इतके मागून नेत होतास. मला वाटायचं, शेतात ठेवायला नेतंय, पोरगं फार श्रद्धाळू झालंय." तो हसायला गेला आणि पाठ ओढल्यामुळे कळवळला. "उद्या मला किवात न्या. यालाही घ्या बरोबर."

"मामा, अहो, याला?"

"झऱ्याला देणं चुकवत नाही तो. आणखी काय तपासू?"

नुवाम्सीने दोरा उचलून चुलीत टाकला. घरात कापूस सापडणं आता धोक्याचंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तोताची जेवून आडवा झाल्यावर, मामाला कांबळ्यात घालून किवात उतरवलं. पूर्वेकडच्या गावांतून एक धावपटू दोरी घेऊन आला होता. रोज एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की सगळ्या गावांनी एकाच दिवशी कास्तीलांवर उठायचं. दोरीला तीन गाठी उरल्या होत्या आणि आमचं गाव अजून वाद घालत होतं.

किवाचा मुख्य सावध माणूस. तो म्हणाला, "ज्याला उठायचंय त्याने का ते सांगावं. दुसऱ्याच्या रागावर स्वार होऊन कुणी येऊ नये, असा माणूस अर्ध्यात पळतो."

एकाने सांगितलं, तुळया ओढताना त्याच्या भावाची कंबर मोडली. एक म्हणाला, पाऊस. तिसरा म्हणाला, मला लाकडं आणायला दूर पाठवायचा आणि माझ्या बायकोला घर झाडायला बोलवायचा. यावर कुणी काही विचारलं नाही. एकाचे केस भर चौकात कापले होते. तलाहोयाची पाळी आली तेव्हा सगळे भिंतीकडे बघू लागले.

"मला बायकोने घराबाहेर काढलं होतं," तो म्हणाला, "त्याने मला परत आत बसवलं."

मग एक जण फिस्सकन हसला आणि सगळा किवा हसला. "अरे, मग तर तू त्याचे पाय धुवायला हवेत!"

"हसा. पण तिला मी नको होतो. ते चूक असेल, तरी काढणं तिचं होतं. आता मी त्या घरात जेवतो ते तिच्या मर्जीने नाही, शिपायाच्या मर्जीने. उद्या ती हसून बोलली तरी मला कळणार नाही की ती खरी हसली की घाबरून. हे त्याने माझं नेलंय. तुळया एक वेळ मी पुन्हा ओढीन, हे सोसणार नाही."

आता कुणी हसलं नाही. वरच्या भोकाशी मामासाठी पेज घेऊन आलेली नुवाम्सी उभी होती. ती किती वेळ उभी होती ते कुणाला माहीत नव्हतं.

"दार फक्त यालाच उघडतं," कोयावेमा जमिनीकडे तोंड करून म्हणाला.

"आणि याने आत जाऊन सांगितलं तर?" घंटावाल्याचा भाऊ म्हणाला.

"मग तुझ्या भावाचं काम वाचेल," मामा म्हणाला.

तिसऱ्या सकाळी तलाहोया, रात्र वाटेत काढून, झऱ्यावरून परतला. मेंढ्यांच्या वाड्यामागे दहा माणसं दबून बसली होती. त्यांतल्या दोघांच्या बाणांची टोकं तलाहोयाच्याच पाठीवर रोखलेली होती. ते त्याला ठाऊक होतं. विश्वास इतकाच मिळाला होता.

"कोण?"

"पाणी."

"किती?"

"तीन."

आडणा सरकला. त्याने पहिल्यातलं प्यालं, दुसऱ्यातलं प्यालं. तिसरा तुंबा ओठांना लावला तेव्हा तोताची म्हणाला, "म्हाताऱ्याची पाठ भरली का?"

तलाहोयाला कळेना. हा टोमणा होता की कळवळा? सहा वर्षांत त्या माणसाने पाण्याखेरीज काही विचारलं नव्हतं. तुंबा तोंडाला तसाच राहिला आणि पाणी हनुवटीवरून गळत राहिलं. मग तलाहोया बाजूला झाला. त्याच्या मागून माणसं आत गेली.

दुपारपर्यंत देवळाच्या तुळया उतरवायला सुरुवात झाली होती. तलाहोया घरी आला, वर चढला, आपली काठी, पायताणं, वाकडं लाकूड आणि कांबळं त्याने एकेक करून खाली आणलं आणि शिडीच्या पायथ्याशी ठेवलं. त्याला घडी नीट जमली नाही. मग तिथेच बसला.

नुवाम्सी गच्चीच्या कडेला आली.

"हे काय?"

"शिपायांनी आत ठेवलं होतं. शिपाई गेले."

"म्हणून तू बाहेर काढलंस? या घरातलं सामान काढायचं काम तुझं कधीपासून झालं रे?"

ती शिडी उतरून खाली आली, कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"तिसरा तुंबा प्यायला इतका वेळ का लागला? वाड्यामागची माणसं म्हणाली, तो काहीतरी बोलला आणि तू थांबलास."

"मामाची पाठ कशी आहे, विचारत होता."

"तो?"

"हो."

"काहीतरीच." तिने बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नाही, ते तिने लपवलंही नाही. मग तिने मागाची काठी उचलून काखेत मारली आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"बाकीचं तू आण," ती म्हणाली. "आणि ते कांबळं आधी झटक. मातीत ठेवतात का असं?"